ग्रॅव्हल बाईक घेताय? आधी टायरची जागा मोजा

ग्रॅव्हल बाईकच्या, म्हणजे डांबर आणि कच्चे रस्ते दोन्हींवर चालणाऱ्या सायकलच्या जाहिरातीत फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची हे ठळक छापलेलं असतं. टायरला जागा किती, हे तक्त्याच्या तळाशी शोधावं लागतं. खडी, मुरूम, चिखल आणि डांबर एकाच सायकलवर पार करायचं असेल, तर तोच आकडा आधी वाचावा. ७००सी (रोड बाईकच्या नेहमीच्या मापाच्या) चाकावर ४५ मिमी रुंदीचा टायर बसत असेल तर निर्धास्त घ्या. ३८ मिमीला अडणारी सायकल कोरड्या खडीवर छान पळते, पण पावसाळ्यात जीव मेटाकुटीला आणते.

टायरवर ४० लिहिलेलं असलं तरी रुंद रिमवर तो ४१-४२ भरतो. म्हणून चेनस्टेपाशी, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्यांपाशी, टायरच्या दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी मोकळी जागा सुटते का ते मोजा. नाहीतर चिखलात रुतलेला खडा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला फ्रेमचा रंग खरवडत राहतो. कार्बनची फ्रेम असेल तर रंगाखालचे धागेही कुरतडले जातात.

हवेचा दाब हा या सायकलचा खरा प्राण. ७५ किलोचा चालक आणि ४० मिमीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर असतील तर पुढे २८-३०, मागे ३२-३५ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं एकक) सुरुवात करा. दगडावर रिम 'टक्' करून आपटली तर दोन-तीन पीएसआय वाढवा. हात बधिर होत असतील तर तेवढेच कमी करा. रिम हुकलेस असेल, म्हणजे टायर अडकवायला तिच्या आतल्या कडेला आकडा नसेल, तर ५ बारची, म्हणजे साधारण ७२ पीएसआयची मर्यादा कधीही ओलांडू नका, आणि टायरही हुकलेसला चालणाराच हवा.

सीलंट, म्हणजे छिद्रं आपोआप बुजवणारा टायरमधला द्रव, दर टायरला ६० मिली पुरतं. दोन-तीन महिन्यांनी चाक कानाशी धरून हलवा. आतून डुचमळल्याचा आवाज आला नाही तर ते सुकलंय. पंप जोर लावूनही हवा आत जात नसेल तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या कोअरमध्ये (आतल्या काढता येणाऱ्या भागात) सीलंटची गुठळी असते. कोअर उघडून साफ करा, फार चिकटला असेल तर बदला. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब सोबत हवीच.

गिअरमध्ये शिमानो कंपनीचा जीआरएक्स हा ग्रॅव्हलसाठीचा संच सरळ, टिकाऊ पर्याय आहे. पुढे ४६/३० दातांची दोन चक्रं आणि मागे ११ ते ३४ दातांची चक्रं असतील तर सर्वांत हलका गिअर (पुढचे दात भागिले मागचे; आकडा लहान तितका चढ सोपा) ०.८८ पडतो. पुढे एकच ४० दाती चक्र आणि मागे ११-४२ असेल तर ०.९५. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण सामान लादून सुट्या खडीच्या चढावर गेलात की मांड्या तो लगेच सांगतात. त्याच ४० दाती चक्राला मागे बारा स्पीडची १०-५१ कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घेतली तर ०.७८ मिळतो. तिला मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब (मागच्या हबचा कॅसेट बसवायचा भाग) लागतो, रोड बाईकच्या नेहमीच्या हबवर ती चढत नाही. गिअरमधलं अंतरही वाढतं, त्यामुळे सपाट रस्त्यावर हवी ती लय सापडायला वेळ लागतो. मागच्या डिरेल्युअरवर (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेवर) चेन ताणून धरणाऱ्या क्लचची छोटी कळ असते. चाक काढताना ती बंद केली आणि परत चालू करायची राहिली, तर उतारावर चेन फ्रेमवर सपासप आपटते.

फ्रेमचं मटेरियल सगळ्यात शेवटी पाहा. कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असलेली अ‍ॅल्युमिनियम फ्रेम पुरेशी आहे. त्याऐवजी पैसे हायड्रॉलिक ब्रेकवर घाला. केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले की लिव्हर लांबत जातो आणि दर वेळी हाताने जुळवून घ्यावं लागतं. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाचं बेअरिंग, आट्यांचा असेल तर उत्तम. दाबून बसवलेले पुढे कुरकुरतात.

मात्र वाटेवर मोठे दगड, मुळं आणि उड्याच जास्त असतील तर ही सायकल घेऊ नका. तिथे पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाईकच हवी.