मॉनिटर कॅलिब्रेट झाला, आता प्रिंट लॅबमधून काढायच्या की घरी?

कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं उपकरण) आणला, मॉनिटरवर लटकवला, थोड्या वेळात प्रोफाइल, म्हणजे त्या स्क्रीनच्या रंगांची नोंद, तयार, आता स्क्रीनवर जे दिसतंय तेच कागदावर येणार असं वाटतं ना? मलाही वाटलेलं. बहिणीच्या हळदीचे फोटो लॅबला दिले, 8x12 च्या वीस प्रिंट, पाकीट उघडलं तर सगळ्या काळपट, आईच्या गर्द हिरव्या साडीचे काठ तर दिसेचनात. आधी लॅबवर राग आला, पण चूक माझ्याकडची होती, कॅलिब्रेशन करताना ब्राइटनेसचं टार्गेट मी ठेवलंच नव्हतं, मॉनिटर 250 निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आसपास झगझगत होता आणि त्या उजेडात सावल्या मला आहेत त्यापेक्षा उघड्या दिसत होत्या.

म्हणून लॅब की घर हे ठरवायच्या आधी एवढं करा. ब्राइटनेस 80 ते 120 निट्सच्या मधे आणा, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते) 2.2, व्हाइट पॉइंट (पांढरा किती पिवळट की निळसर ते) बहुतेकांना D65, म्हणजे साधारण 6500 केल्विन, चालतो. नाइट लाइट आणि ऑटो ब्राइटनेस बंद, आणि मॉनिटर अर्धा तास चालू राहिल्यावरच मोजायला घ्या. प्रिंट कुठल्या उजेडात बघता ते तर फारच महत्त्वाचं, पिवळ्या 2700 केल्विनच्या बल्बखाली हळद आणि कातडी एकाच रंगाची दिसते आणि आपण उगाच फाइलमधे लाल कमी करत बसतो. छपाईवाल्यांचं स्टँडर्ड D50 म्हणजे 5000 केल्विनचा उजेड आहे, तसा चांगल्या सीआरआयचा (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा), 90 च्या वरचा एलईडी टेबलाजवळ लावला तरी निम्मी भांडणं मिटतात. आणि हेही मनाशी ठेवा की मॉनिटरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण हजारास एक असतो, चांगला ग्लॉसी कागद दोनशेस एकच्या आसपास जातो, मॅट तर पन्नासास एकच्या पुढे मुश्किलीने, त्यामुळे डिट्टो मॅच कुठेच होत नाही, फरक किती आणि तो आधी कळतो का एवढंच आपल्या हातात आहे.

आता लॅब. जुन्या पद्धतीची लॅब म्हणजे फुजीचं फ्रंटियर किंवा नोरित्सूचं मशीन, फोटो पेपरवर लेझरने एक्स्पोज करून केमिकलमधे धुतात. कातडीचे टोन यात इतके मऊ येतात की लग्नाच्या, बारशाच्या फोटोंना मला अजून यासारखं काही वाटत नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी ड्राय लॅब असते, म्हणजे आत इंकजेटच, तेव्हा कुठलं मशीन आहे ते सरळ विचारून घ्या. लॅबची खरी अडचण रंगाची नाहीच, मधल्या माणसाची आहे. ऑपरेटर सवयीने डेन्सिटी (प्रिंटचा गडदपणा) वाढवतो, थोडा मॅजेंटा (गुलाबीसर रंग) घालतो, किंवा ऑटो करेक्शन चालूच असतं, आणि मग तुम्ही दोन तास बसून केलेलं काम गेलं. ऑर्डरवर स्पष्ट लिहा, "करेक्शन करू नका, फाइल आहे तशी". फाइल एसआरजीबीमधेच (बहुतेक स्क्रीन आणि लॅब वापरतात ती रंगांची व्यवस्था) द्या, अडोबी आरजीबी (जास्त रंग मावणारी व्यवस्था) दिली आणि त्यांच्या सिस्टिमने प्रोफाइल वाचलंच नाही तर सगळं फिकं, मेलेलं येतं. लॅबकडे त्यांच्या मशीन-कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात त्याची फाइल) असेल तर मागा, देणारी लॅब सापडली की तिला सोडू नका. केमिकल रोज सारखं ठेवलं नाही तर तीच फाइल पुढच्या महिन्यात जरा वेगळी येते, यावर आपला काही इलाज नाही.

घरी सगळं आपल्या हातात, आणि सगळी जबाबदारीही आपलीच. एप्सन L8050 सारखा सहा रंगांचा टँकवाला प्रिंटर ग्लॉसी कागदावर छान काढतो, कंपनीचीच शाई, कंपनीचाच कागद आणि त्याच कागदाचं प्रोफाइल असेल तर. बाहेरची स्वस्त शाई भरली की ते प्रोफाइल निकामी, मग मॅचिंगच्या गप्पाच नकोत. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते डबल कलर मॅनेजमेंटमधे, फोटोशॉपमधे प्रोफाइल निवडलेलं आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधेही (त्याच्या सॉफ्टवेअरमधे) कलर करेक्शन चालू, दोघं मिळून रंगाची वाट लावतात, ड्रायव्हरमधलं बंद करा. प्रिंट बाहेर आल्या आल्या निकाल देऊ नका, या टँकवाल्यातली डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) नीट वाळून स्थिर व्हायला एक दिवस द्या, पावसाळ्यात जास्तच. कॅनन प्रो-300 किंवा एप्सन P700 हे दहा शायांचे पिगमेंट प्रिंटर (शाईत बारीक रंगकण असलेले) वेगळ्याच लेव्हलचे, पण महिनाभर बंद ठेवले तर नोझल चोक होण्याची भीती आणि हेड क्लीनिंगमधे महागाची शाई वाया. आठवड्याला एखादी प्रिंट काढणार नसाल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तीच हळदीची फाइल नंतर मी दोन्हीकडे काढली, मॉनिटर 100 निट्सवर आणून आणि सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल याचा स्क्रीनवरचा अंदाज, बघून. लॅबच्या ग्लॉसी प्रिंटमधे चेहरे स्क्रीनच्या जवळ, साडीचे काठ दिसायला लागले, पण झेंडूचा केशरी सपाट, पाकळी पाकळीत मिसळलेली. मित्राच्या पिगमेंट प्रिंटरवर अडोबी आरजीबीतून काढली तर झेंडू जिवंत, हळदीच्या पिवळ्यात तीन-चार छटा, मात्र मॅट कागद घेतल्यामुळे काळा जरा राखाडीकडे झुकलेला. सॉफ्ट प्रूफमधे 'सिम्युलेट पेपर कलर'वर टिक केल्यावर हे स्क्रीनवर आधीच दिसलेलं, तेव्हा फोटो इतका मरगळलेला दिसतो की लोक घाबरून तो टिक काढून टाकतात, काढू नका, दोन मिनिटं डोळ्याला सवय होऊ द्या.

वर्षाला पन्नास-शंभर प्रिंट, बहुतेक घरची माणसं आणि अल्बम असं असेल तर डोळे झाकून लॅब, प्रिंटरचे पैसे चांगल्या आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणाऱ्या) मॉनिटरवर आणि उजेडावर घाला. पावसाळ्यातल्या कोकणाचे हिरवे, फुलं, वारीतल्या पताका असलं गडद रंगाचं काम करता, मॅट किंवा कॉटन पेपर आवडतो, प्रदर्शनासाठी तीच प्रिंट पुन्हा तशीच हवी असते, तर घरचा पिगमेंट. मधला सहा रंगी टँकवाला मी शिकण्यासाठी घ्या म्हणेन, कारण तिथे चूक लगेच दिसते आणि दुसरी प्रिंट काढायला दहा मिनिटं लागतात. आणि लॅब ठरवली तरी पहिल्याच दिवशी वीस 8x12 देऊ नका. एकच फोटो, त्यात चेहरा, गडद कपडा आणि थोडा करडा भाग हवा, 4x6 मधे तीन लॅबकडून काढा, आपल्या त्या एलईडीखाली मॉनिटरशेजारी धरून बघा, जिची प्रिंट जवळची वाटेल तिच्याकडे आठवड्याने तीच फाइल परत पाठवा.