न्यूरल ॲम्प मॉडेलर: फुकटचं कॅप्चर, आणि न फिरणारे नॉब

न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजेच नॅम, हे गिटार ॲम्पचा आवाज कॉम्प्युटरवर देणारं ओपन सोर्स प्लगिन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) फुकट आहे आणि आवाजात विकतच्या मॉडेलरांना हार जात नाही. नावात मॉडेलर असलं तरी काम कॅप्चरचं. खऱ्या ॲम्पमधून ठरावीक सिग्नल सोडायचा आणि बाहेर जे येतं त्यावर न्यूरल नेटवर्क तयार करायचं. त्या वेळी नॉब जिथे होते तिथेच ते कायमचे. लाइन ६ च्या हेलिक्ससारखा मॉडेलर ॲम्पचं सर्किटच गणिताने उभं करतो, म्हणून तिथे गेन, बास, मास्टर खऱ्यासारखे फिरतात.

नॅममध्येही बास, मिडल, ट्रेबल आहेत, पण ते कॅप्चरच्या नंतर लागतात. शिजताना घातलेलं मीठ वेगळं आणि पानात वरून घेतलेलं वेगळं. मार्शल जेसीएम ८०० मध्ये टोन स्टॅक (बास-मिडल-ट्रेबलचं सर्किट) प्रीॲम्पच्या, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्याच्या, डिस्टॉर्शननंतर येतो, त्यामुळे तिथे प्लगिनमधून वरून लावलेला ईक्यू (बास-ट्रेबलची जुळवणी) बऱ्यापैकी चालतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत तो लीड गेनच्या आधी बसतो. मार्कवाले बास अगदी खाली ठेवतात ते उगीच नाही; बास गेनमध्ये शिरला की पाम म्यूटचा (तळहाताने दाबून वाजवलेल्या तारांचा) चिखल होतो. असं चिखल झालेलं कॅप्चर हाती आलं, तर प्लगिनचा बास उतरवून आवाज फक्त पातळ होतो. सरळ दुसरं कॅप्चर घ्या.

‘आवाज मेलेला वाटतो’ किंवा ‘फारच फाटतो’ या तक्रारींत बहुतेक वेळा इनपुट लेव्हल चुकलेली असते. ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) इन्स्ट्रुमेंट इनपुटवर ठेवा, गेन शून्यावर. त्याच्या मॅन्युअलमध्ये कमाल इनपुटचा डीबीयू (सिग्नलच्या पातळीचं एकक) आकडा असतो, तो नॅमच्या कॅलिब्रेशनमध्ये भरा. कॅप्चरच्या फाइलमध्ये लेव्हल नोंदलेली नसेल तर मात्र कानानेच जुळवायचं. इनपुट नॉब वाढवणं म्हणजे ॲम्पचा गेन वाढवणं नव्हे; ते पुढे बूस्ट पेडल लावल्यासारखं आहे.

फुल रिग कॅप्चरमध्ये कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आणि माइक आधीच असतो, तिथे आयआर (कॅबिनेट-माइकचा आवाज देणारी फाइल) बंद करा. नाहीतर घोंगडीखालून वाजवल्यासारखं येतं. नुसत्या ॲम्पच्या कॅप्चरला आयआर नसेल, तर डब्यात माशी अडकल्यासारखं.

४८ किलोहर्ट्झवर ६४ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण १.३ मिलिसेकंदांचा उशीर, इंटरफेसचा उशीर त्यावर वेगळा. लॅपटॉप धापा टाकत असेल तर बफर वाढवण्याआधी फेदर किंवा नॅनो या हलक्या आकाराचं कॅप्चर लावून बघा.

स्वतः कॅप्चर करताना ट्यूब ॲम्पला स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पची पॉवर झेलणारा डबा) हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. रिव्हर्ब, डिले, ट्रेमोलो बंद ठेवा. नेटवर्क जेमतेम क्षणभराचंच मागचं बघतं. फझ फेससारख्या पेडलचं कॅप्चर टाळलेलं बरं. गिटारचा व्हॉल्यूम उतरवल्यावर तो जो स्वच्छ होतो, त्यात पिकअपच्या इम्पीडन्सचा (विद्युत विरोधाचा) वाटा असतो, आणि रेकॉर्ड केलेल्या फाइलला पिकअप नसतो.