नाकातलं ‘मांस’ बाटलीत घालून देणारा

अण्णांच्या नाकातून काढलेलं ‘मांस’ आम्ही पाच महिने एका काचेच्या बाटलीत जपून ठेवलं होतं. बाटली त्या माणसानेच दिली होती, वर पाणी ओतून. “घरच्यांना दाखवा, केवढी घाण होती आत.” आम्ही दाखवली. ती बघून शेजारचे दोघं त्याच्याकडे जाऊन आले. ते आठवलं की आजही जीव तुटतो.

अण्णा सुतार. सांगली जिल्ह्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, चाळीस वर्षं सागवानी चौकटी आणि दारं. एका पावसाळ्यात त्यांची उजवी नाकपुडी चोंदली ती सुटेचना. डावी अगदी मोकळी. सकाळी शिंकरलं की रुमालाला तांबूस डाग. सर्दी म्हणून दोन महिने गेले, मग गावातलं कुणीतरी म्हणालं, नाकात मांस वाढलंय. एसटी स्टँडजवळ बोर्ड होताच: मूळव्याध, भगंदर, नाकातील मांस, बिनऑपरेशन इलाज. खाली बारीक अक्षरात कॅन्सरच्या गाठीवर खात्रीशीर औषध. अण्णांना मीच घेऊन गेलो.

पहिल्या दिवशी २,५०० रुपये. त्याने बॅटरी मारून नाकात पाहिलं, काळपट लेप लावलेला कापसाचा बोळा चिमट्याने आत सरकवला आणि अर्धा तास बसवून ठेवलं. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग चिमटा आत घालून, पिळून, काळंलाल काहीतरी ओढून काढलं आणि ताटलीत टाकलं. “बघा काका, मूळ निघालं.” पुढे दर पंधरा दिवसांनी १,२००. असे दहा वेळा. एकूण १४,५०० रुपये गेले. पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर फक्त आकडा लिहून दिला, ना नाव ना शिक्का.

चौथ्या महिन्यात उजव्या डोळ्यातून सतत पाणी यायला लागलं, नाकाजवळचा कोपरा फुगला. तो म्हणाला, मुळं डोळ्याकडे गेली होती ती आता बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे. आम्ही त्यावरही विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवण्यात ऑपरेशन टळत होतं.

शेवटी बहिणीने हट्टाने मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काका, काम काय करता?” सुतारकाम म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. लाकडाचा बारीक भुसा, विशेषतः सागवानासारख्या कठीण लाकडाचा, वर्षानुवर्षं श्वासावाटे गेला तर नाकाच्या आतल्या पोकळ्यांत कॅन्सर होऊ शकतो. इंग्लंडमधल्या फर्निचर कारागिरांत हे १९६० च्या दशकातच लक्षात आलं होतं, आणि १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कॅन्सरकारक ठरवली. चाळीस वर्षांत मास्क लावा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुर्बीण घातली, सीटी स्कॅन झालं, तुकडा तपासायला गेला. अहवाल आला अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. दोन्ही डोळ्यांच्या मधल्या पोकळीत गाठ होती. डोळा आणि ती पोकळी यांच्यामध्ये कागदाएवढं पातळ हाड असतं. स्कॅनमध्ये ते एका जागी दिसतच नव्हतं, गाठीने खाल्लं होतं. ‘मुळं बाहेर पडतायत’ ते हे.

बाटली मी सोबत नेली होती. डॉक्टरांनी ती पॅथॉलॉजीत पाठवली. त्यात कापसाचे धागे, गोठलेलं रक्त आणि नाकाचं जळलेलं अस्तर निघालं. गाठीचा कणही नाही. लेपाने नाक आतून भाजायचं आणि त्याची खपली ‘मांस’ म्हणून ताटलीत टाकायची, एवढाच त्याचा इलाज होता. आत गाठ वाढत राहिली.

डॉक्टरांकडून जे कळलं ते लिहितो, कारण हे आधी माहीत असतं तर आमचे पाच महिने वाचले असते. नाकातले साधे पॉलिप, म्हणजे लोक ज्याला ‘मांस’ म्हणतात ते फुगवटे, बहुधा दोन्ही बाजूंना असतात, फिकट, सोललेल्या द्राक्षांसारखे. एकच नाकपुडी बंद, त्यात रक्त, डोळ्यातून पाणी, गाल बधिर, वरचा दात विनाकारण हलतोय, असं काही असेल तर दुर्बिणीने पाहिल्याशिवाय कुणालाही नाकाला हात लावू देऊ नका. सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात. पण इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची साधी गाठसुद्धा हाड सरकवते, काढली तरी परत येते, आणि साधारण दहातल्या एकात कॅन्सर सापडतो. म्हणून नाकातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रावणात, तपासणीला गेलाच पाहिजे आणि त्याचा कागद तुमच्या हातात आला पाहिजे. पाण्याची बाटली हातात देणारा डॉक्टर नव्हे.

अण्णांचं ऑपरेशन मोठ्या सरकारी रुग्णालयात दुर्बिणीने, नाकावाटेच झालं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं, नाहीतर वर्कशॉप विकावं लागलं असतं. मग सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन. डोळा वाचला. वास गेला. ताज्या सागाचा वास येत नाही याचं त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आता दर काही महिन्यांनी तपासणीला जातो.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांत तक्रार दिली. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा गुन्हा आहे, आणि कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. पण ते पोचेपर्यंत शटर खाली होतं, बोर्ड उतरवलेला. तो दुसऱ्या एखाद्या स्टँडजवळ बसला असणार.

एक गोष्ट मात्र झोपू देत नाही. आमच्या तिसऱ्या खेपेला बाकावर आईसोबत एक मुलगा बसला होता, चौदा-पंधरा वर्षांचा, शाळेच्या शर्टावर रक्ताचे वाळलेले थेंब. घोळणा सारखा फुटतो, नाक बंद असतं, असं आई सांगत होती. नंतर डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, या वयाच्या मुलांत नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची एक गाठ होते, अँजिओफायब्रोमा. कॅन्सर नसतो, ऑपरेशनने जाते, पण तिला असा चिमटा लावला तर रक्त थांबवता येत नाही. त्या दिवशी मी त्या माउलीला म्हणालो होतो, “काळजी करू नका, आमच्या अण्णांना गुण आलाय.” त्यांचं गाव मला माहीत नाही. तुमच्या ओळखीत असा मुलगा असेल, तर त्याला आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.