सहा घरे, सात स्विच: मीटरांच्या आधी एक मेन ब्रेकर असावा की नसावा?

अमेरिकेतील जुन्या, पाच-सहा घरांच्या इमारतीची वीजजोडणी वाढवायची ठरली की पहिला निर्णय मुख्य स्विचांच्या मांडणीचा असतो. रस्त्यावरून आलेली केबल थेट मीटरांच्या रांगेत न्यायची आणि प्रत्येक मीटरनंतर त्या घराचा स्वतंत्र ब्रेकर (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) द्यायचा, हा एक मार्ग. सर्व मीटरांच्या आधी संपूर्ण इमारतीचा एकच मोठा मेन ब्रेकर बसवायचा, हा दुसरा. नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, म्हणजे तिथली वीजकामाची नियमावली, दोन्हींना वाव देतो, मात्र दोहोंच्या अटी फार वेगळ्या आहेत. येथील विवेचन २०२३ च्या आवृत्तीला धरून आहे. प्रत्येक राज्य किंवा शहर आपापली आवृत्ती लागू करत असल्याने आपल्याकडे कोणती चालते, हे आधी पाहावे.

पहिल्या मार्गाची मर्यादा कलम २३०.७१ मध्ये आहे. जोडणी पूर्ण बंद करण्यासाठी जास्तीत जास्त सहा स्विच चालतात आणि ते एकत्र, एकाच ठिकाणी असावे लागतात. २०२० पूर्वी हे सहाही ब्रेकर एकाच पेटीत, एकाच झाकणामागे शेजारी शेजारी बसवता येत असत. २०२० पासून प्रत्येक स्विचला स्वतःची पेटी किंवा मीटर सेंटरमध्ये (अनेक मीटर आणि त्यांचे ब्रेकर एकत्र असलेल्या तयार संचात) स्वतंत्र कप्पा लागतो, त्यामुळे जुनी पेटी काढून तशीच नवी लावण्याचा पर्याय उरलेला नाही.

खरी अडचण मोजणीत येते. जिन्यातले दिवे, तळघरातला पंप, फायर अलार्म अशा सामाईक गोष्टी कोणत्याही एका घराच्या पॅनलवरून (ब्रेकरांच्या पेटीवरून) चालवण्यास कलम २१०.२५ मनाई करते. म्हणून सहा घरांच्या रांगेच्या टोकाला सामाईक वापराचे छोटे मीटर आणि त्याचा ब्रेकर येतो. तो आकाराने सर्वांत लहान असतो, पण मोजणीत सातवा ठरतो. पाच घरांपर्यंत पहिला मार्ग मोकळा राहतो. सहाव्या घराला तो बंद होतो. पुढे वाहन चार्जिंगसाठी वेगळे मीटर घ्यायचे असेल, तर ही जागा आणखी लवकर भरते. मधला तोडगा म्हणून मीटरांचे दोन गट करून प्रत्येक गटाआधी एक मेन ब्रेकर देता येतो.

जोडणी किती अँपिअरची हवी, याबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतो. समजा, प्रत्येक घर ९०० चौरस फुटांचे आहे. दिव्यांचे २,७००, स्वयंपाकघरातील दोन सर्किटांचे ३,०००, कपडे धुण्याचे १,५००, विजेच्या शेगडीचे १२,०००, पाणी तापवण्याचे ४,५०० आणि वातानुकूलनाचे ५,००० धरले, तर एका घराचा भार २८,७०० व्होल्ट-अँपिअर होतो आणि सहा घरांचा १,७२,२००. शेगडी विजेची असेल, तापवणे किंवा वातानुकूलन विजेवर असेल आणि प्रत्येक घराला एकच फीडर (मीटरपासून घराच्या पॅनलपर्यंतची केबल) असेल, तर कलम २२०.८४ नुसार सहा घरांसाठी त्याचे ४४ टक्केच धरावे लागतात, म्हणजे ७५,७६८. तो २४० व्होल्टवर सुमारे ३१६ अँपिअर भरतो. सामाईक भार त्यात सवलतीशिवाय मिळवावा लागतो. तो मर्यादित असेल तर ४०० अँपिअरची जोडणी पुरते. प्रत्येक घराला १०० अँपिअर म्हणून सहाशेची मागणी करणे हा अनावश्यक खर्च आहे. मात्र एका घराच्या तारांची क्षमता जोडणीच्या ८३ टक्के असली तरी चालते, ही सवलत इमारतीच्या सामाईक केबलला लागू होत नाही, आणि ही चूक अनुभवी माणसांच्या हिशेबातही दिसते.

याच आकड्यांतून दोन मार्गांमधला महत्त्वाचा फरक दिसतो. पाच घरांच्या इमारतीत प्रत्येकी १०० अँपिअरचे पाच ब्रेकर आणि सामाईक वापराचा सहावा थेट ४०० अँपिअरच्या केबलवर असले, तरी गणनेतला भार केबलच्या क्षमतेत असल्यास कलम २३०.९० त्याला परवानगी देते. परंतु घरे प्रत्यक्षात गणनेपेक्षा जास्त वीज ओढू लागली, तर केबलला वाचवणारे उपकरण इमारतीत नसते. शिवाय मीटरांमागच्या, वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या कायम जिवंत राहतात आणि वीज कंपनीने पुरवठा तोडल्याशिवाय तेथे सुरक्षित काम करता येत नाही. मेन ब्रेकर आधी असेल, तर एक दांडा खाली ओढताच त्यापुढची मीटरांची रांग मृत होते. आग लागल्यावर अग्निशमन दलाच्या जवानांना सहा दांडे शोधावे लागत नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

त्याची किंमत एवढीच, की मेन ब्रेकर पडला तर सगळी घरे एकदम अंधारात जातात. त्यामुळे जिन्यातल्या आपत्कालीन दिव्यांच्या बॅटऱ्या त्याच कामात तपासून घ्याव्यात.

न्यूट्रल आणि अर्थिंग यांबाबत घरांपुरते दोन्ही मार्ग सारखे आहेत. त्यांचा जोड मुख्य स्विचपाशीच असावा लागतो आणि घरातल्या पॅनलमध्ये ते वेगळे ठेवावे लागतात. जुना फीडर तीनच तारांचा असेल आणि सलग धातूच्या नळीतून गेलेला नसेल, तर अर्थिंगसाठी वेगळा मार्ग नसतो, म्हणून तो बदलण्याची तयारी ठेवावी. उपकरणांसमोर ३६ इंच खोल मोकळी जागाही दोन्हीकडे लागते; तळघरातील सामानाचे रॅक तेथून हलवावेच लागतात.

चार किंवा त्याहून कमी घरे असतील आणि वाढीची शक्यता नसेल, तर स्वतंत्र कप्प्यांचे मीटर सेंटर मेन ब्रेकरशिवाय घेण्यास माझी हरकत नाही. पाच घरांना नियम आड येत नसला तरी मी मेन ब्रेकरच निवडेन. सहा किंवा अधिक घरांना एक किंवा दोन मेन ब्रेकर घ्यावेच लागतात. मात्र मीटर सेंटरची मागणी नोंदवण्यापूर्वी शॉर्टसर्किटच्या वेळी त्या जागी किती प्रवाह येऊ शकतो, हा आकडा वीज कंपनीकडून लेखी घ्यावा. जोडणी वाढताना कंपनीने मोठा ट्रान्सफॉर्मर बसवला, तर तो प्रवाह वाढतो आणि १०,००० अँपिअर तोडण्याच्या क्षमतेचे ब्रेकर अपुरे पडू शकतात.