पडलेली गाडी उचलणार कोण? जुनी डर्ट बाइक घेताना चार पर्यायांची तुलना

गेल्या श्रावणात वेल्ह्याकडच्या एका ओढ्यात मित्राची रॉयल एनफिल्ड हिमालयन आडवी झाली. पाणी जेमतेम घोट्याइतकं, पण खाली शेवाळलेले गोटे. त्याला एकट्याला ती हलेना. मी माझी हिरो एक्सपल्स काठावर लावली आणि खाली उतरलो. त्यानं हँडल धरलं, मी मागची ग्रॅब रेल. पहिल्या जोराला त्याचा पाय घसरला, दुसऱ्याला माझा. शेवटी बांधावरून एक काका खाली आले. पंचा कमरेला खोचला आणि म्हणाले, "आधी चाकाला दगड लावा, मग उचला. नाहीतर ती अशीच सरकत राहणार." तिघांनी मिळून उचलली. त्याच वाटेवर मीही दोनदा पडलो होतो, पण दोन्ही वेळा एकट्यानं गाडी उभी करून पुढे निघालो होतो.

म्हणून लाखभराच्या आसपास बजेट असलेलं कुणी विचारायला आलं, की मी सीसी आणि पिकअपचं बोलणं मागे ठेवतो. शनिवार-रविवार गाडीवाटा, घाट आणि पाणंदी फिरायच्या आणि वर्षातून दोन-चार वेळा मातीच्या ट्रॅकवर हात साफ करायचा, एवढं ज्याचं काम आहे त्यानं आधी दोन गोष्टी बघाव्यात. पडल्यावर ही गाडी मला एकट्याला उचलता येईल का? आणि काही तुटलं तर भोर-वाईसारख्या गावात पार्ट मिळेल का? ताकदीचा नंबर त्यानंतर.

वजनानं सुरुवात करू. कावासाकीची केएलएक्स १४०जी सुमारे ९९ किलो. हिरोची इम्पल्स १३४. एक्सपल्स २०० बीएस४ मध्ये (बीएस म्हणजे धुराच्या सरकारी नियमांची पायरी, आकडा मोठा तितकी गाडी नवी) १५४, पुढे चार व्हॉल्व्हच्या इंजिनवाल्या फोर-व्हॉल्व्हपर्यंत १५८. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बीएस६ मध्ये १९९. कागदावर एक्सपल्स आणि हिमालयनमधला फरक चाळीस किलोंचा दिसतो. सिमेंटचं एक पोतं पन्नास किलोंचं असतं. तेवढं ओझं चिखलात, चढावर, दिवसभर दमल्यावर उचलायचं आहे असं समजा.

हिमालयनला मी वाईट म्हणत नाही. २०१६ साली आली तेव्हा आपल्याकडे त्या किमतीत तशी दुसरी गाडीच नव्हती. ४११ सीसी, साडेचोवीस हॉर्सपॉवर, ३२ न्यूटन मीटर टॉर्क, आणि सीट फक्त ८०० मिलिमीटर उंच, त्यामुळे कमी उंचीच्या माणसाचेही पाय टेकतात. पुण्याहून निघून हंपी किंवा स्पिती करायचं असेल, सोबत सामान असेल, मागे कुणी बसणार असेल, तर या चौघींत तीच घ्यावी. २०२३ च्या अखेरीस नवी हिमालयन ४५० आल्यावर जुन्या ४११ बाजारात भरपूर उतरल्या आणि भावही खाली आले. पण मातीसाठी घेत असाल तर कुठल्या सालची ते नीट बघा. २०१८-१९ च्या ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना एबीएस असलेल्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत नाही. मुरमाच्या उतारावर मागचं चाक थोडं लॉक करून गाडी वळवायची असते, आणि तिथे ते ब्रेक नुसते धडधडतात, गाडी पुढेच जात राहते. २०२० पासूनच्या बीएस६ मध्ये मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण आलं. ट्रॅकचा विचार मात्र हिमालयनवर करू नका. छोट्या उडीनंतरही एवढं वजन खाली येताना शॉकअप तळाला आपटतो आणि त्याचा हिशोब तुमच्या मनगटांना चुकता करावा लागतो.

इम्पल्सबद्दल मी जरा हळवा आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये ती आली तेव्हा लोक तिच्या उंच सीटकडे बघून हसायचे, आणि काही वर्षांत कंपनीनं ती बंदही केली. पण १४९ सीसीचं ते तेरा हॉर्सपॉवरचं इंजिन कमी आरपीएमला जे ओढतं, ते शिकणाऱ्यासाठी सोन्यासारखं आहे. पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता गोट्यांवरून चालत्या वेगानं जाता येतं. जमिनीपासूनची उंची २४५ मिलिमीटर, म्हणजे साध्या एक्सपल्सच्या २२० पेक्षा जास्त. इंजिन हिरोच्याच सीबीझेड एक्स्ट्रीम आणि हंक या बाइकच्या घराण्यातलं, त्यामुळे पिस्टन, क्लच प्लेट, टायमिंग चेन आजही कुठल्याही पेठेतल्या दुकानात मिळतात.

अडचण इंजिनाबाहेर आहे. प्लास्टिकचे पॅनल, मागचा मोनोशॉक, मीटर या वस्तू शोधत हिंडावं लागतं. पुढचं चाक १९ इंची असल्यानं मातीचे खरे बटणवाले टायर फार थोडे बसतात. एक्सपल्स आणि हिमालयन या दोन्हींचं पुढचं चाक २१ इंची, त्यात निवड कितीतरी मोठी. आणि एक गोष्ट विकणारा सहसा आपणहून सांगत नाही. २०११-१२ ची गाडी असेल तर आरसीची पंधरा वर्षं आता भरताहेत. फेरनोंदणी, आरटीओची तपासणी, पर्यावरण कर हे सगळं तुमच्या माथी येणार. गाडी स्वच्छ असेल, एका हाताची असेल आणि मालकानं फेरनोंदणी करून दिली असेल तरच इम्पल्स घ्या. तशी मिळाली तर मात्र सोडू नका, विशेषतः तुमचं वजन साठ किलोच्या आत असेल आणि ट्रॅकपेक्षा वाटांचाच नाद असेल तर.

केएलएक्स १४० ही यातली खरी डर्ट बाइक. २१ आणि १८ इंची चाकं, हलकी, ट्रॅकवर तिच्यासारखी कुठलीच वळत नाही. पण तिला पासिंग नाही. नंबर नाही, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर ती चालवता येत नाही, आणि वाट कितीही कच्ची असली तरी गावाचा रस्ता हा रस्ताच. ट्रॅकपर्यंत छोट्या हत्तीतून न्यायची, त्यातूनच आणायची. नवी चार लाखांच्या घरात होती, जुनी स्वस्त म्हटली तरी आपल्या बजेटच्या दुप्पट जाते. ज्याचं काम फक्त ट्रॅक आहे आणि ज्याच्याकडे गाडी न्यायची सोय आहे, त्यानं जरूर बघावी. अशा गाडीला आरसी नसल्यामुळे मूळ बिल हाच मालकीचा पुरावा. बिलावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघितल्याशिवाय विसार देऊ नका. बाहेरून आलेल्या २५० च्या मोटोक्रॉस गाड्या कधीकधी मोहात पाडणाऱ्या भावात दिसतात, पण त्यांचं आयुष्य किलोमीटरवर नाही, इंजिनाच्या तासांवर मोजतात. ऑइल काही तासांनी बदलायचं, पिस्टन हा झिजणारा पार्ट धरायचा. वर्षातून चार वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याला तो संसार परवडत नाही.

राहिली एक्सपल्स २००, आणि माझं मत उघड आहे. मे २०१९ मध्ये आली तेव्हा कार्बोरेटरवाली ९७ हजारांना आणि फ्युएल इंजेक्शनवाली एक लाख पाच हजारांना होती, एक्स-शोरूम. पुढचा शॉकअप १९० मिलिमीटर दबतो, मागचा १७०. एबीएस फक्त पुढच्या चाकाला, म्हणजे मागचं चाक मातीत हवं तसं सरकवता येतं. हिमालयनमध्ये ज्यासाठी बटण शोधावं लागतं ते इथे मुळातच आहे. हिरोची असल्यामुळे तालुक्याच्या गावी क्लच केबल आणि ब्रेक लिव्हर मिळून जातात. माझा ब्रेक लिव्हर महाडला तुटला होता, तासाभरात नवा बसवून वरंध घाट चढायला लागलो.

यातही निवड आहे. कार्बोरेटरवाली बीएस४ गाडी गावचा मिस्त्रीसुद्धा स्क्रू ड्रायव्हरनं खोलून साफ करतो. इंजेक्शनवाली थंडीत आणि उंचावर पहिल्या झटक्यात सुरू होते, पण सेन्सर रुसला तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. २०२० नंतरच्या बीएस६ मध्ये इंजेक्शनच आहे, सोबत ऑइल कूलर. ऑक्टोबर २०२१ मध्ये फोर-व्हॉल्व्ह आली, १९ हॉर्सपॉवरची. हायवेवर तिचा फरक जाणवतो, पाणंदीत जवळजवळ नाही. पुण्याहून ट्रेलपर्यंतचा प्रवास गाडीवरच करायचा असेल तर फोर-व्हॉल्व्हसाठी दहा-पंधरा हजार जास्त द्यायला हरकत नाही. नाहीतर तेच पैसे टायर आणि बुटांवर घाला.

ट्रॅकवर साध्या एक्सपल्सची मर्यादा लवकर कळते. टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरून) उडी मारून उतरताना पुढचा फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप, 'ठक' करून तळाला जातो. रॅली किट (जास्त दबणाऱ्या शॉकअपचा संच) बसवलेली गाडी किंवा कारखान्यातूनच आलेली रॅली एडिशन मिळाली तर शॉकअप पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर दबतात, जमिनीपासूनची उंची २७० होते. पण सीटही ८८५ वर जाते. माझी उंची पाच फूट सहा इंच. त्या गाडीवर बसून मी सिग्नलला एकाच पायाच्या चवड्यावर उभा राहतो, आणि दगडांच्या उतारावर पाय टेकायला जमीनच सापडत नाही, तेव्हा पडणं ठरलेलं. वर्षातून चार ट्रॅक दिवसांसाठी बाकीचे अठ्ठेचाळीस आठवडे उंच सीटवर काढायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी साधीच ठेवली. फोर्कमध्ये थोडं जाड ऑइल घातलं, पुढचं स्पॉकेट एक दात कमी केलं, आणि उड्या छोट्या मारतो.

आता गाडी बघायला गेल्यावर. मातीत चाललेल्या गाडीचं किलोमीटरचं मीटर फारसं काही सांगत नाही. वीस हजार किलोमीटर हायवेवर चाललेली गाडी पाच हजार किलोमीटर ट्रॅकवर मारलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी. मी खिशात पांढरा रुमाल आणि छोटा पाना घेऊन जातो. फोर्कचे पाइप रुमालानं कोरडे पुसायचे, पुढचा ब्रेक दाबून गाडी सात-आठ वेळा जोरात दाबायची, आणि पुन्हा रुमाल फिरवायचा. तेलाचा काळा गोल उमटला तर ऑइल सील गेलं. सील स्वस्त असतं, पण पाइपला बोटाच्या नखानं जाणवेल असा ओरखडा असेल तर सील बदलूनही ते पुन्हा फाटणार, आणि पाइप महाग. मग पान्यानं प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी. ताठ स्पोक 'टण्' वाजतो, सैल स्पोक 'थड'. सलग तीन-चार थड वाजले तर रिम तिथे वाकलेली असते, चाक फिरवून बघितलं की आऊट, म्हणजे चाकाचं डुलणं, दिसतो.

इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटानं डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध खटका लागला तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. मागचं चाक आडवं हलवून बघा, स्विंगआर्मच्या बुशमध्ये खेळ असेल तर हाताला 'टक' कळतो. एअर फिल्टरचं झाकण मात्र उघडायलाच लावा. फिल्टर मळलेला असला तर चालतं, पण फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूच्या नळीत लाल माती असेल तर त्या इंजिनानं माती खाल्ली आहे. तिथून सरळ घरी यायचं. ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा असेल तर गाडीच्या पोटात पाणी गेलंय, तिथेही तेच. एकदा कात्रजला एका मुलानं मला 'फक्त ऑफिसला वापरलेली' एक्सपल्स दाखवली. सीटखालच्या कोपऱ्यात वाळलेला चिखल आणि भाताच्या तुसाची काडी होती. गाडी चांगली होती, खरं बोलला असता तर मी घेतलीही असती.

'फ्री फ्लो सायलेन्सर बसवलाय' (म्हणजे मोठा आवाज करणारा) हे जाहिरातीत कौतुकानं लिहिलेलं असतं. माझ्या हिशोबात त्याचे पैसे वजा. मूळ सायलेन्सर मागून घ्या, तो मिळत नसेल तर नव्याची किंमत भावातून काढा. ज्या पाणंदीतून आपण जातो ती कुणाच्या तरी गोठ्याजवळून जाते. मोठ्या आवाजानं बैल बुजले की दुसऱ्या आठवड्यात तिथे काटेरी फांदी आडवी पडलेली दिसते. सड्यांवर गाडी घालणं तर अजिबात नको. वितभरही माती नसलेल्या त्या कातळावर पावसाळ्यात जे उगवतं, ते एका टायरच्या रेघेनं कायमचं जातं. अभयारण्याची हद्द कुठून सुरू होते तेही निघण्याआधी बघून घ्या.

कागदांचं थोडक्यात. वाहन पोर्टलवर कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि ई-चलन बघा. कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला हातात आल्यावरच पैसे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ट्रान्सफर स्वतः करा, 'नंतर नावावर करू' म्हणत ठेवू नका. गोव्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की ती स्वस्ताई बरीचशी संपते. कंपनीच्या मापापेक्षा वेगळं काही बसवलेलं असेल तर अपघातानंतर विमावाले त्याच्यावर बोट ठेवू शकतात, हेही लक्षात असू द्या.

भावाचा हिशोब असा करा: हातात लाख असतील तर गाडी सत्तर-पंच्याहत्तरपर्यंतचीच बघायची. उरलेल्यातून आधी बूट, गुडघ्याचे गार्ड आणि बरं हेल्मेट, मग टायर, मग चेन-स्पॉकेट आणि फोर्क सील. बूट शेवटी घेऊ म्हणणारा माझा एक मित्र दीड महिना घोट्याला प्लास्टर घालून बसला होता, त्याची गाडी त्या काळात माझ्या पार्किंगमध्ये उभी होती. आणि व्यवहार पक्का करण्याआधी तसलीच एखादी गाडी ओळखीच्याकडून मागून घ्या, गवतावर हळूच आडवी करा, पाठ तिच्या सीटला लावून, गुडघे वाकवून, पायांच्या जोरावर उचलून बघा. एकदा नाही, लागोपाठ तीनदा. तिसऱ्यांदा उभी करता आली तर विसार द्या.