फुटलेला तानपुरा धडधाकट परत आला

ज्या तानपुऱ्याचा भोपळा फुटला म्हणून मी बावीस हजार रुपये परत केले, तो तानपुरा गेल्या पावसाळ्यात आमच्याच दुकानात जवारीला, म्हणजे तारांचा झंकार परत लावून घ्यायला, आला. धडधाकट. भोपळ्यावर ओरखडासुद्धा नाही.

हे लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. शेवटी अब्बाच म्हणाले, "लिही की. आपली काय लाज जायची ती गेली, दुसऱ्याचे पैसे तरी वाचतील." म्हणून लिहितोय. वाद्यं विकणाऱ्यांनीच वाचावं असं काही नाही. मातीची भांडी, काचेच्या बरण्या, लाकडी खेळणी, जे कोणी घरी बनवून कुरियरनं पाठवतात त्या सगळ्यांच्या दारात मला फसवणाऱ्यासारखा माणूस येऊ शकतो.

आम्ही मिरजेचे. अब्बा तानपुरे बनवतात, त्यांचे वडीलही बनवायचे. माझा हात त्या कामात पॉलिशपर्यंतच चालतो. जवारी मला जमली नाही. त्यामुळं माझ्याकडं फोन, ऑर्डर, पॅकिंग आणि हिशेब. पूर्वी गिऱ्हाईक स्वतः यायचं. चार तानपुरे छेडून बघायचं, बाहेर जाऊन चहा पिऊन यायचं, परत तेच चार छेडायचं, आणि मग पाचवाच घेऊन जायचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू या गावचीच अशी सरकारी नोंद, मिळालं, पेपरात फोटोबिटो आले, आणि बाहेरगावच्या लोकांची विचारणा वाढली. आता व्हिडिओत आवाज ऐकतात आणि ऑर्डर देतात.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ठाण्याच्या बाजूच्या एका गृहस्थांचा मेसेज आला. मुलगी विशारदला बसतेय, लेडीज तानपुरा हवा. बोलणं अगदी अदबीचं. "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, अशा हातांमुळं गाणं टिकलंय," वगैरे. बत्तीस हजाराला ठरलं, पॅकिंगची पेटी आणि कुरियर धरून. पैसे एका दमात आले. असं गिऱ्हाईक मिळालं की आपण खूश.

आता पॅकिंगचं सांगतो, कारण पुढची सगळी फसवणूक त्याच्यावरच उभी आहे. तानपुरा पाठवताना आम्ही तारा ढिल्या करतो, घोडी, म्हणजे भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढून कापडात गुंडाळून वेगळी ठेवतो, तारांतले मणी काढून पुडीत बांधतो. भोपळ्याला फोमचे तीन थर, मग फळ्यांची पेटी. ती भरते साधारण १४० बाय ४८ बाय ४५ सेंटीमीटर. कुरियरवाले वजनकाट्यावर जात नाहीत, आकारावर जातात. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करायचा आणि ५००० नं भागायचं. म्हणजे पेटीचं खरं वजन असेल अठरा किलो, पण बिल साठ किलोचं. जायला एवढं, तर यायलाही तेवढंच. "परत पाठवा" हे म्हणताना विकणाऱ्याची जीभ इथंच अडखळते, आणि समोरच्याला ते बरोबर माहीत असतं.

पेटी गुरुवारी पोचली. रविवारी रात्री साडेदहाला मेसेज आला, सोबत तीन फोटो. भोपळ्याला वीतभर तडा. "पेटी उघडली आणि हे दिसलं. मुलगी जेवली नाहीये."

माझ्या पोटात गोळा आला. अब्बा आत झोपले होते. त्यांना बीपी आहे, त्या महिन्यात तब्येत नरमच होती. म्हटलं, यांना कशाला सांगा, आपण निस्तरू. या सगळ्या प्रकरणातली माझी मोठी चूक हीच. बाकीच्या तिच्या पोटातल्या.

मी लिहिलं, तानपुरा परत पाठवा, भोपळा जोडून देतो नाहीतर नवा बसवतो, एक रुपया घेणार नाही. फुटका भोपळा आमच्याकडं काही नवीन नाही. आठवड्याला एखादा येतोच. आतून पट्टी देऊन असा जोडतात की बोट फिरवूनसुद्धा कळू नये. ज्याला तानपुरा हवा आहे, तो याच्यावर काय विचारेल? किती दिवस लागतील, आवाज तसाच राहील का, परीक्षेपर्यंत होईल का. या माणसानं यातलं एक अक्षर विचारलं नाही. परतीचं भाडं कोण देणार, पेटी तर वॉचमननं मोडून टाकली, माझ्याकडं वेळ नाही, असंच चालू होतं. दुरुस्तीचं नाव काढलं की विषय पैशावर.

सोमवारी दुपारी सूर बदलला. ग्राहक मंचात जातो. सगळ्या ग्रुपवर टाकतो. "जीआय मिळालं म्हणून असला माल खपवता का?" ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांचा स्क्रीनशॉटही पाठवला. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं त्यात आहे, आणि ते खरंच आहे. पण मी नकार देतच नव्हतो. माल परत घ्यायला मी तयार होतो, द्यायला तो तयार नव्हता. हे साधं वाक्य त्या दिवशी मला सुचलं नाही. जीआयचं नाव ऐकून मी गारठलो. सगळ्या गल्लीचं नाव माझ्यामुळं खराब व्हायचं, एवढंच डोक्यात.

मंगळवारी सकाळी परत गोडी. "जाऊ द्या, कलाकाराचं नुकसान नको. तुम्ही बावीस हजार परत करा, दहा मी सोसतो. इथंच कोणाकडून तरी जोडून घेतो." वाचून मला इतकं हलकं वाटलं की मी त्याचे आभार मानले. दोनदा. पाचव्या मिनिटाला पैसे त्याच्या खात्यात.

मग मी कुरियरकडं भरपाई मागायला गेलो. उलटा क्रम! पैसे देऊन झाल्यावर पुरावा शोधायला निघालो. त्यांनी पोचपावती दाखवली. सही होती, "चांगल्या स्थितीत मिळाले" असं खाली लिहिलेलं होतं, आणि पोरानं दारात काढलेला पेटीचा फोटो होता, एक फळी हललेली नाही. म्हणाले, माल आणि मूळ पॅकिंग जागेवर ठेवा, आमचा माणूस बघून जाईल. ठेवा म्हणजे काय, पेटी तर मोडली होती म्हणे. त्यातून जोखमीचा विमा मी काही रुपये वाचवायला घेतला नव्हता. त्यांना मी तेव्हा नाही नाही ते बोललो. ती माणसं बरोबर होती.

रागारागात त्या कुरियरबद्दल फेसबुकवर लिहिलं, तर तासाभरात "कस्टमर केअर"चा फोन. तुमचे बावीस हजार मंजूर झालेत, ही रिक्वेस्ट आली असेल, पिन टाका. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, एवढं सुदैवानं माहीत होतं. जखम दिसली की माशा बसतातच.

बावीस हजार मी माझ्या बचतीतून भरले आणि गप्प राहिलो.

पावसाळ्यात सकाळच्या गाडीनं पुण्याहून एक मुलगी आली, खांद्यावर तानपुरा. आवाज बसलाय, झंकार येत नाही. अब्बांनी तारा ढिल्या केल्या, घोडी उचलली आणि हातातच धरून बसले. आमच्या प्रत्येक घोडीच्या तळाला अब्बा पेन्सिलीनं नंबर घालतात. मला म्हणाले, "हा ठाण्याला गेलेला ना?"

मुलीनं तो डिसेंबरात घेतला होता, जाहिरात बघून. "नवा, न वापरलेला, मुलीनं गाणं सोडल्यामुळं विकणे." सव्वीस हजार. म्हणजे बत्तीस हजार घालून त्या गृहस्थानं अठ्ठेचाळीस काढले. आमच्या घरात एका तानपुऱ्याच्या मागं एवढी कमाई कधी झाली नाही.

संध्याकाळी मी अब्बांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फोटो मागितले, चष्मा लावला. दोन बोटांनी तिसरा फोटो मोठा केला, एका कोपऱ्यावर नेला.

"पेटी उघडल्या उघडल्या काढलाय म्हणतोस?"

"हो."

"मग घोडी बसवली कोणी?"

मी बघितलं. कोपऱ्यात घोडीची कड दिसत होती. घोडी तर मी काढून, गुंडाळून पाठवली होती. आमची गिऱ्हाइकं ती बसवायला व्हिडिओ कॉल करतात. यानं केला नव्हता, हेही तेव्हाच आठवलं. अब्बांनी फोटो आणखी सरकवला. मोठ्या घोडीच्या पुढं आणखी एक बुटकी घोडी. तरफांची, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारांची. तानपुऱ्याला ती नसतेच. "लेका, ही सतार आहे."

सतारमेकराच्या घरातला पोरगा मी, आणि फुटक्या सतारीच्या फोटोवर तानपुऱ्याचे पैसे दिले. रात्री तो फोटो गूगलवर टाकून शोधला, तर एका जुन्या विक्रीच्या जाहिरातीत सापडला, "दुरुस्तीसाठी सतार". दोन मिनिटांचं काम होतं.

तक्रार केली आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात, आठ महिन्यांनी काय अडवणार. पोर्टलवर नोंद झाली, पोलिसांनी अर्ज घेतला, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम सांगितलं. पूर्वी ज्याला लोक चारशेवीस म्हणायचे ते. त्याचा नंबर बंद आहे. मुलीकडून जवारीचे पैसे अब्बांनी घेतले नाहीत. तिचा यात काय दोष.

आता मी काय करतो ते सांगतो. पेटी बंद होईपर्यंत एकसलग व्हिडिओ काढतो, घोडीखालचा नंबर त्यात दाखवतो. गिऱ्हाइकाला आधीच लिहून कळवतो की पेटी फोडताना व्हिडिओ काढा, फुटलं असेल तर त्याच दिवशी सांगा, पेटी टाकू नका. विमा घेतोच. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो कधी, कशावर काढला ही माहिती गळून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागतो, आणि शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवून नवा व्हिडिओ मागतो. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. आला तरी पाच मिनिटं. हल्ली मोबाइलवर धड वस्तूला तडा काढून दाखवता येतो, तेव्हा नुसत्या फोटोवर मी आता कुणाचंच ऐकत नाही. परतीचं भाडं मात्र सरळ आम्ही भरतो. ते किमतीतच धरलंय, म्हणजे जीभ अडखळत नाही. पैसे परत करायचे ते वस्तू दुकानात आल्यावर.

आणि फोटो आला की पहिल्यांदा अब्बांकडं.

मागच्या आठवड्यात नागपूरहून एक आला. बाईंनी न सांगता पेटीचे, लेबलचे, फोमचे सगळे फोटो पाठवले होते आणि खाली एकच प्रश्न, "जोडला तर आवाज बदलेल का हो?" अब्बांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, भोपळ्याच्या देठाशी क्षणभर थांबले.

"हा आपलाच. मागव परत."