सापाच्या विषावरचं इंजेक्शन (एएसव्ही, म्हणजे अँटी स्नेक व्हेनम): औषध 5 पैकी 5, मिळायची सोय 5 पैकी 2

मोठेबाबांना सोयाबीन सोंगताना घोणस चावली. पाय मांडीपर्यंत सुजला अन् हिरड्यांतून रक्त यायला लागलं. जवळच्या दवाखान्यात नेलं तर तिथं इंजेक्शनच नाही, मग गाडी करून तालुक्याला, त्यात जो टाइम गेला त्याचा राग अजून आहे.

तालुक्याच्या डॉक्टरनं पहिले काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, 20 मिनिटं हात न लावता ठेवलं अन् मग वाकवून पाहिलं, तर पाण्यासारखं वाहून रायलं, गोठलंच नाही, म्हणजे विष भिनलं होतं. लगेच इंजेक्शनच्या 10 बाटल्या काढल्या. बाटलीत पांढरी कोरडी पावडर असते, सिस्टरनं सोबतचं पाणी टाकून ती हळूहळू गोल फिरवली, जोरात हलवली की फेस होते म्हणे. सलाईनमधून दिलं. मोठेबाबांच्या अंगावर पित्त उठलं, थंडी वाजली, आम्ही घाबरलो, पण हे औषध घोड्याच्या रक्तातून बनते म्हणून असं होऊ शकते, डॉक्टरनं अशा रिअॅक्शनवर द्यायचं अ‍ॅड्रेनालिन भरून तयारच ठेवलं होतं. 6 तासांनी परत नळी लावली, या वेळी रक्त गोठलं. सगळं फुकट, एक रुपया लागला नाही.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचतात अन् त्याच्या रक्तात जो उतारा तयार होते तोच हा. कमी एकच वाटली, विष बहुतेक तमिळनाडूच्या इरुळा लोकांच्या सोसायटीकडून येते. काम त्यांचं जबरदस्त आहे, पण भाग बदलला की त्याच जातीच्या सापाचं विषही बदलते, म्हणून आपल्या विदर्भातल्या सापांचं विषही त्यात घेतलंच पाहिजे.

अन् विषापासून फक्त उताराच बनते असं नाही बरं का. मोठीआई रोज बीपीची एनालाप्रिल घेते, त्या घराण्यातली पहिली गोळी कॅप्टोप्रिल, ती ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरून सुचली, अमेरिकेत 1981 ला मंजूर झाली. हार्टच्या पेशंटला देतात ते टिरोफिबान तर आपल्या फुरशाच्या विषातल्या प्रोटीनवरून बनवलं, रक्ताची गाठ होऊ न देणं हा विषाचा गुण तिथं कामी येते.

साप चावला तर पाय आवळून बांधू नका, मांत्रिकाकडं तर नेऊच नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. अन् पावसाळ्याच्या आधी आपल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किती बाटल्या आहेत ते जाऊन विचारा, नसतील तर ग्रामसभेत अर्ज टाका, आमच्या गावानं टाकलाय.